सहा सुपाऱ्यांचं बटन

अख्ख्या परभणी जिल्ह्यात वस्तू विकत घेणारी माणसं पोत्यानं सापडतील, पण निवडून घेणारा देवानं एकच घडवला आणि तो माझ्या बायकोच्या पाठीवर घातला. माझा मेव्हणा. धंदा बैलांचा. ह्या बाजारात घ्यायचे, त्या बाजारात विकायचे, आणि मधल्या वेळात साऱ्या जगाकडं बैल असल्यासारखं बघायचं. काडेपेटी घ्यायला गेला तरी दुकानदाराला पाच पेट्या मांडायला लावायचा, एकेक कानाशी धरून हलवायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, "ही पोकळ बोलायली." वांगी घेताना देठाकडून बघायचा, वहाणा घेताना टाचंकडून. सेलूच्या स्टँडवर एकाच गावाच्या दोन एसट्या लागल्या तर हा खाली वाकून दोन्हीची चाकं बघत बसायचा, तोवर दोन्ही निघून जायच्या. मी तिथंच बोंब मारायचो. हा धोतर झटकून उठायचा आणि शांतपणे सांगायचा, "गेल्या ते बरं झालं दाजी. दोन्ही मागच्या पायानं लंगड्या होत्या."

मलाही त्यानंच निवडलेलं आहे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटत होती. मोठी माणसं देण्याघेण्याचं बोलत बसली आणि हा मला म्हणाला, "पाव्हणं, जरा हिरीवरून एक घागर आणता का?" मी नवरदेव, नवं धोतर नेसलेला, पण नाही कसं म्हणायचं? गेलो, घागर भरली, आणली. पुढं लग्न झाल्यावर बायकोनं सांगितलं की हा पोरगा मागून चालत माझी चाल बघत होता आणि घरात जाऊन तिला म्हणाला होता, "आक्का, चालीला बरा हाय. आवाज कडक हाय, पण मारका न्हाई. घे." माझा आवाज चढला की ती हेच वाक्य काढायची. पन्नास वर्षं काढलं. बाजारात खपलेल्या जनावरानं काय बोलायचं?

ही सगळी हसण्याची गोष्ट होती. हसू गेलं ते एका पोळ्याच्या तोंडावर. बायको सकाळी चुलीपुढं बसली होती, ती तिथंच कलंडली. उजवी बाजू गेली. परभणीच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. पाय परत आला, जीभ परत आली, हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, "बोटं रोज हलवायला लावा. सहा महिन्यांत आली तर आली. नाही तर अशीच आखडून बसतील." रबराचा एक चेंडू दिला, दाबायला. तो तिनं दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी खाटेखाली ढकलला. "मी काय लेकरू हाय का चेंडू खेळायला?" म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तोंड भिंतीकडंच. डाव्या हातानं ती खायची नाही, म्हणून घास मी भरवायचो. जिनं उभ्या जन्मात कुणाच्या हातचं पाणी घेतलं नाही तिला घास भरवताना मला लाज वाटायची आणि तिला माझ्यापेक्षा जास्त. मी रागावून बघितलं, पाया पडून बघितलं. मेव्हणा दर आठवड्याला यायचा, खाटेजवळ बसायचा, तिचा हात उचलून उलटसुलट करून बघायचा आणि परत ठेवायचा. जनावर उठत नसलं की तो असाच बघायचा.

मग एका दिवशी तो धावतपळत आला. सेलूच्या एका जिनिंगवर तो सरकीच्या पेंडीसाठी गेला होता. तिथं हापिसात नवा कंप्युटर आलेला. मुनीम काम संपवून त्याच्यावर खेळत बसला होता. वरून विटा पडायच्या आणि मुनीम त्या बटनं दाबून खाली रचायचा. मेव्हण्यानं काचंकडं बघितलंच नाही. त्यानं मुनिमाची बोटं बघितली.

"दाजी, कशी नाचायली होती म्हणून सांगू! आन् त्याला पत्ताच न्हाई की आपुन बोटं हलवायलोय. एक घंटा बसला मुडदा, च्या गार झाला त्याचा."

"मग?"

"मग काय? आक्काला तसा कंप्युटर करायचा. खेळायचा."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोन एकराचा धनी मी, आणि ह्याला माझ्या घरात कंप्युटर पाहिजे, तोही खेळायला! त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जोडी विकली." त्याच्या दावणीला त्या साली एक लाल कंधारी जोडी होती. खांद्याला खांदा, शिंगाला शिंग. दोन बाजारांत लोक मागून थकले होते, ह्यानं दिली नव्हती. ती विकून, पैसे कमरेला बांधून तो माझ्या ओट्यावर उभा होता. त्यानं मुनिमाकडून सगळं विचारून घेतलं होतं. तयार कंप्युटर घेतला तर दोन जोड्या लागतात. हैदराबादेला जाऊन एकेक भाग निवडून जोडून घेतला तर एका जोडीत बसतो. 'एकेक भाग निवडून' हे म्हणताना त्याचं तोंड असं झालं होतं की जत्रेला निघालाय.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. गावोगाव पोलीस बसले, एसट्या धड चालत नव्हत्या. तरी आम्ही सेलू गाठलं आणि रेल्वेत बसलो. डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले साडेचार तेव्हाच संपले होते. बायकोपाशी थोरल्या सुनेला ठेवलं होतं. बायकोला सांगितलं नव्हतं कशाला जातोय. बैल आणायला जातोय म्हणालो. तसं ते फार खोटंही नव्हतं.

हैदराबादच्या कोठीच्या बाजारात मेव्हण्यानं सकाळी नऊ ते दुपारी बारा नुसती दुकानं बघितली. सतरा दुकानांच्या पायऱ्या चढलो आणि उतरलो. एका ठिकाणी दुकानदार फार गोड बोलला म्हणून उतरलो, एका ठिकाणी पंखा वाकडा फिरत होता म्हणून. शेवटी एक दाढी पिकलेला सेठ मिळाला, तो गिऱ्हाईक आलं तरी पान लावत बसला होता. "हा बरा हाय," मेव्हणा म्हणाला, "विकायची घाई न्हाई." निजामाच्या राज्यात वाढलेली माणसं आम्ही, भाषेची अडचण नव्हती.

सेठनं कंप्युटरच्या पोटात बसवायच्या दोन मुख्य पाट्या काढल्या. एक जुन्या बनावटीची, हळू चालणारी. एक नवी, जलद. म्हणाला, "चचा, ये नया लेव. घोडे के सरीका भागता."

मेव्हण्यानं विचारलं, "और बाकी सामान?"

"बाकी बजेट में जो बैठा वो पुराना डालेंगे."

"नक्को," मेव्हणा म्हणाला. "एक बैल तेज और एक ढिल्ला, तो गाडी गोल गोल फिरती. मेरे को जोडी होना. बराबर की."

सेठचं पान लावणं थांबलं. त्यानं ह्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "मियाँ, ये बात मैं मेरे लडकों को दो साल से समझा रहा हूँ." तिथून पुढं दोघांचं जे जमलं, मी तिथं आहे हेही ते विसरले. रंगीत काच की हिरव्या अक्षरांची? मेव्हणा म्हणाला, हिरवी. हिरवं डोळ्याला गार, आणि रंगाच्या पैशात अख्खा गोऱ्हा येतो. खेळ ठेवायला पोटात मोठी पेटी की बाहेरून घालायची पातळ चकती, फ्लॉपी? "एकच खेळ हाय. एका बैलाला एवढी मोठी गव्हाण कायकू?" चकती. आवाजाला बारकासा भोंगा मात्र पाहिजेच म्हणाला. घुंगराशिवाय जनावर चालताना त्याला मुकं वाटतं. सेठच्या नोकरानं भाग जोडायला घेतले, तेव्हा हा वाकून प्रत्येक भागाची मागची बाजू बघत होता.

मग आली बटनांची पाटी, कीबोर्ड. सेठनं एक पुढं केली. मेव्हण्यानं खिशातून चुन्याची रिकामी डबी काढली, तिचं झाकण एका बटनावर ठेवलं आणि त्यात एकेक सुपारी टाकायला लागला. अकरा सुपाऱ्या झाल्या तेव्हा बटन खाली गेलं. "जड हाय. दुसरी." दुसरी नऊ सुपाऱ्यांची निघाली. तिसरी नऊ. दुकानातली गिऱ्हाईकं गोळा झाली. शेजारचे दुकानदार आले. मी लाजेनं पायरीवर जाऊन बसलो आणि ओरडलो, "पाव्हणं, आवरा! बटन हाय ते, सोनं न्हाई!"

तो मान वर न करता म्हणाला, "दाजी, आक्काच्या करंगळीत किती जीव हाय ते मी दर आठवड्याला बघायलोय. तुमी बघितलाव का?"

घास भरवत होतो मी पाच महिने. करंगळी बघितली नव्हती. मला तेव्हा कळलं की हा तिचा हात उचलून काय बघत बसायचा.

सेठनं माडीवरून जुन्या पाट्यांचं खोकं उतरवायला लावलं. तेराव्या की चौदाव्या पाटीचं बटन सहाव्या सुपारीला खाली गेलं. वापरून वापरून गुळगुळीत झालेली, एका कोपऱ्याला चिरलेली पाटी. मेव्हण्यानं ती छातीशी धरली. बघणारी माणसं हसली, पण वाईट हसली नाहीत.

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून सेठच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून बोलतात. सेठ ओरडला, "अरे अरे, हात कायकू पकड रहे?" मग त्याला काही आठवलं. म्हणाला, "मेरे दादा बकरे बेचते थे. ऐसाइच करते थे." आणि त्यानंही रुमालाखाली बोटं चालवली. काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. जोडीच्या पैशात बसलं, एवढं मला मेव्हण्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

खोकी बांधून रिक्षात ठेवली. आणि आता तो प्रकार घडला, ज्यात निम्मा गाढवपणा माझाही आहे. आमच्याकडं बैल विकत घेतला तर विकणाऱ्याचं दावं घ्यायचं नसतं. दावं त्याचं त्यानं सोडून घ्यायचं, आपण आपलं बांधायचं. परकं दावं आलं तर जनावराचा जीव मागं ओढतो, पुढल्या घरी लागत नाही. मेव्हण्यानं खोकी परत उघडली, आतून दोन काळ्या जाड वायरी काढल्या, आणि दुकानाच्या पायरीवर नीट गुंडाळून ठेवल्या. मी बघत होतो. मला ते बरोबरच वाटलं. मी तर वर म्हणालो, "विसरला असता पाव्हणं, बरं आठवलं." सेठ आत नमाजाला गेला होता.

गावात आलो, ओसरीवर बायकोच्या खाटेपुढं चौरंग मांडला, सरपंचाकडून टीव्हीचा स्टॅबिलायझर आणला, कारण येलदरीच्या धरणावर तयार झालेली वीज आमच्या गावापर्यंत येताना निम्म्या वाटेत दमते. कंप्युटरला हळदीकुंकू लावलं. अर्धा गाव ओसरीवर. बायकोनं एकदा मान वळवून बघितलं, म्हणाली, "बैल आणायला गेले होते न्हवं?" आणि परत भिंतीकडं वळली. मग वायरमन आला, मागं वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्याच्या लाइटीच्या वायरी कुठायत?"

मेव्हणा माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. मग मी सांगून टाकलं, दावी आहेत म्हणून सेठला परत दिली. ओसरीवर असा हशा उठला की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. मेव्हणा हसला नाही. त्यानं दिवस मोजले असतील. तसाच चपला घालून, हैदराबादची गाडी धरायला सेलूला निघाला.

चौथ्या दिवशी परत आला, दोन वायरी गळ्यात घालून. सेठनं म्हणे दोन्ही वायरी भिंतीच्या खिळ्याला लटकवून ठेवल्या होत्या आणि बघताक्षणी म्हणाला होता, "मेरे को मालूम था, बैलवाले चचा आयेंगे." मी म्हणालो, "मग झालं तर. दिल्या ना त्यानं?"

"देत होता. म्या घेतल्या न्हाईत. बाजूच्या दुकानातून इकत आणल्या."

"कामून? त्याच वायरी, तोच माणूस!"

"तुमच्या घरी जनावर लागू द्यायचंय का न्हाई, दाजी?"

ह्या माणसाशी कोण भांडणार?

ह्या वेळी गाव बोलावला नाही. खाटेची एक बाजू भिंतीला, म्हणून त्यानं चौरंग दुसऱ्या बाजूला लावला, आणि बटनांची पाटी बरोबर तिच्या उजव्या हातापाशी ठेवली. चकती घातली. काच हिरवी झाली, भोंगा किणकिणला आणि विटा पडायला लागल्या. मेव्हणा खेळायला बसला. इतका वाईट खेळला की मला बघवेना. वीट एकीकडं, बोट दुसरीकडं, मधी खिंडारं पडलेली, ढीग वर येतोय. डाव गेला. परत मांडला. परत गेला. तो मुद्दाम वाईट खेळत होता की खरंच, हे त्यानं मला आजवर सांगितलं नाही.

ही बाई गावात गंज रचण्यात नावाजलेली होती. कडब्याची गंज रचायला बाया वर चढत नसत, ही चढायची. तिनं रचलेल्या गंजीत चार महिन्यांचा पाऊस शिरत नसे. तिसऱ्या डावाला ती वळली. चौथ्या डावाला उशीला टेकून बसली.

"आरं, अशी गंज रचत असत्यात व्हय? मधी हवा ठिवलीस की सगळी. कुजंल ना ते!"

"मला कुठं येतंय आक्का? तू सांग."

"ती उभी पेंडी त्या खड्ड्यात घाल. आरं, त्या खड्ड्यात! डोळे फुटले का? सरक!"

आणि तिनं हात टाकला. उजवा. डावा हात भिंतीकडून पुढं आणायला वेळ लागला असता आणि वीट तर पडत होती. पहिल्यांदा हात नुसता पाटीवर पडला, लाकडासारखा. मग पहिलं बोट थरथरलं. बटन खाली गेलं. वीट सरकली आणि खड्ड्यात बसली. अख्खा थर भरला आणि नाहीसा झाला.

"आता गं बया! थर कुठं गेला? कुणी नेला?"

"जनावरं खायलीत आक्का," मेव्हणा म्हणाला, "रच लौकर. उपाशी हायेत."

मी उठून गोठ्यात गेलो. तिथं उभा राहून नाक शिंकरलं, दोन जनावरांना वैरण टाकली, ज्याला आधीच टाकली होती त्यालाही टाकली. पाच महिने छातीवर जे जातं ठेवलेलं होतं ते कुणी तरी उतरवून बाजूला ठेवलं. आतून तिचा आवाज येत होता, भावाला शिव्या घालण्याचा. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

उन्हाळा लागेपर्यंत ती रोज दोन-दोन घंटे रचायची. बोटं एकेक करून आली. करंगळी सगळ्यांत शेवटी. हात पहिल्यासारखा झाला नाही, खोटं कशाला सांगू? भाकरी एका बाजूला जाड व्हायची. पण ती तिनं थापलेली होती आणि ती आपल्याच हातानं खायची. कंप्युटर चार उन्हाळे चालला, मग काच विझली. भंगारवाल्याला देऊन टाकला. काम झालं होतं. मेव्हण्यानं परत तशी जोडी केली नाही. आम्हालाही त्यानं कधी ऐकवलं नाही.

त्यानंतर बारा वर्षं मिळाली. गेल्या वर्षी ती गेली. आता घर मोठं झालंय, आणि कुणाला बोलायचं ते कळत नाही, म्हणून हे लिहितोय. दहाव्याला दुधनेच्या काठावर सगळं उरकलं, माणसं पांगली, मेव्हणा आणि मी तेवढे दगडावर बसून राहिलो. त्याचेही केस आता पांढरे झालेत. त्यानं विचारलं, "शेवटी काय झालं, दाजी?"

"सकाळची येळ. च्या पाजत होतो. तिनं माझं मनगट धरलं. मग बघितलं तर संपलं होतं. बोटं सोडवावी लागली."

"कोणत्या हातानं धरलं?"

"उजव्या."

"घट्ट?"

"लय घट्ट. वळ उठला होता."

"बरं झालं," तो म्हणाला. मग त्यानं माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मनगट उलटसुलट करून बघायला लागला. दहा दिवसांत वळ कुठला राहायला? तरी तो बराच वेळ बघत होता, आणि मी हात काढून घेतला नाही.